टीएक्सटी: ई-मेलच्या पुराव्याचा कप्पा

जीमेलमध्ये आलेला कुठलाही मेल उघडा आणि उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर छोटा तक्ता दिसेल: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. बँकेच्या नावाने आलेला मेल खरंच बँकेच्या डोमेनचा आहे का, वाटेत कुणी त्यातला मजकूर फिरवला का, याचा निकाल या तीन ओळींत असतो. तिघांचे जनक वेगळे, भांडणंही वेगळी. पण तिघांचे पुरावे ठेवलेले सापडतात एकाच जागी, डोमेनांची माहिती पुरवणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेतल्या ‘टीएक्सटी’ नावाच्या नोंदीत. मला कुतूहल आहे ते या नोंदीच्या घराण्याचं.

सर्वांना ठाऊक असलेले टप्पे आधी उरकतो. १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचवण्याच्या एसएमटीपी नियमांचा दस्तऐवज लिहिला. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं मानायचं, असा तो भाबडा काळ. २००३च्या सुमारास मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ उभं केलं: आमच्या डोमेनचा मेल अमुक आयपी पत्त्यांवरूनच निघतो, अशी जाहीर यादी. याहूच्या ‘डोमेनकीज’ आणि सिस्कोच्या तशाच योजनेच्या संगमातून २००७मध्ये डीकेआयएम आलं. त्यात पाठवणारा सर्व्हर मजकुराचा हॅश (आकडी ठसा) काढून त्यावर खासगी किल्लीने सही करतो, आणि घेणारा जाहीर किल्लीने ती सही पडताळतो. रकमेतलं एक शून्य वाढवलं तरी सही जुळत नाही. डीमार्क २०१२मध्ये जाहीर झालं. वाचणाऱ्याला ‘प्रेषक’ म्हणून दिसणारं डोमेन आणि या तपासण्यांत उत्तीर्ण झालेलं डोमेन एकच आहे का, हे ते बघतं. नसेल तर मेल येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की दारातून परत पाठवायचा, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो.

आता यादी, किल्ली आणि मालकाची सूचना, तिन्ही गोष्टी टीएक्सटीत का?

डीएनएसची पहिली व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली, तेव्हा त्यात टीएक्सटी नव्हतं. ते दिसतं नोव्हेंबर १९८७च्या आरएफसी १०३५ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात, जेमतेम दोन वाक्यांत. वर्णनात्मक मजकूर ठेवण्यासाठी ही नोंद आहे, आणि त्या मजकुराचा अर्थ तो ज्या डोमेनमध्ये सापडेल त्यावर अवलंबून, एवढंच. रूढ समज यातल्या पहिल्या वाक्यावर उभा आहे: माणसांनी वाचायचे शेरे लिहायला केलेली ही जागा, पुढे लोकांनी तिथे यंत्रांचा माल कोंबला.

मला हे पटत नाही. माणसांसाठी शेराच हवा असता, तर यंत्राचं वर्णन लिहायची ‘एचइन्फो’ नावाची नोंद १९८३पासून होतीच. शिवाय नुसत्या शेऱ्याचा अर्थ डोमेनगणिक कशाला बदलेल? दुसरं वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नक्की काहीतरी होतं. ते काय असावं, याचा माग त्याच दस्तऐवजात आहे. १९८३च्या मसुद्यात नसलेला ‘एचएस’ नावाचा नोंदींचा वर्गही इथे नव्याने येतो, आणि त्यापुढे संदर्भ आहे डायर आणि सू यांच्या एप्रिल १९८७च्या तांत्रिक टिपणाचा. एचएस म्हणजे हेसिओड.

हेसिओड हे एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’चं अपत्य. (मूळचा हेसिओड देवांच्या वंशावळी सांगणारा ग्रीक कवी, नाव ठेवणाऱ्यांना विनोद कळत होता.) डीईसी आणि आयबीएम यांच्या मदतीने अथेनाने विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसभर संगणक मांडले. कुणीही कुठल्याही यंत्रावर बसेल, तर त्याची माहिती तिथे पोचणार कशी? ती हेसिओडने डीएनएसमधून पुरवली. ही माहिती टीएक्सटी नोंदींत राहू लागली, आणि ती माणसांनी वाचायची नव्हतीच. त्यातली एक नोंद बघा: आधी ‘पीओपी’, मग एका यंत्राचं नाव, मग विद्यार्थ्याचं लॉगिन. म्हणजे या विद्यार्थ्याची टपालपेटी अमुक यंत्रावर आहे. एसपीएफच्या कितीतरी आधी टीएक्सटी मेलच्या चाकरीत होतं, ते असं.

माझ्या मते टीएक्सटीची खरी आई हेसिओड. आरएफसीत तसं सरळ लिहिलेलं नाही, हा विरोधी पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पण दोघंही १९८३ला नसावेत आणि १९८७ला एकाच दस्तऐवजात हजर व्हावेत, हा निव्वळ योगायोग मी मानायला तयार नाही. गंमत अशी की अथेनाने दोन कामं कटाक्षाने वेगळी ठेवली होती. कोण कुठे आहे हे हेसिओड सांगे; तो खरंच तोच आहे का, हे केर्बेरॉस ही वेगळी प्रणाली तपासे. हेसिओडच्या नोंदीत पासवर्डच्या जागी नुसतं तारकाचिन्ह असे. पुढे ई-मेलवाल्यांनी ओळखीचा पुरावाच या कप्प्यात आणून ठेवला.

वेगळी जागा करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एसपीएफच्या आधी हाडमुट डानिश यांनी मांडलेल्या ‘आरएमएक्स’ला स्वतःची नवी नोंद हवी होती. एसपीएफने मात्र हाताशी होतं ते टीएक्सटी घेतलं, आणि सुरुवातीला ‘व्ही=एसपीएफ१’ लिहून आपला मजकूर ओळखू येईल असा केला. डीएनएसवाले कातावले. शेवटी २००६च्या आरएफसी ४४०८मध्ये एसपीएफला ९९ क्रमांकाची स्वतंत्र नोंद मिळाली, आणि सोबत एक घोटाळाही. डोमेनवाल्याने दोन्हीपैकी एकच नोंद ठेवली तरी चाले, तपासणाऱ्याने एकच बघितली तरी चाले. एकाने ९९मध्ये ठेवायचं, दुसऱ्याने टीएक्सटीत शोधायचं, आणि दोघंही नियमाने बरोबर! त्यात डोमेन विकणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये नव्या नोंदीला रकाना नसे. २०१२च्या पाहणीत ९९चा वापर नगण्य निघाला, आणि बऱ्याच वादावादीनंतर एप्रिल २०१४च्या आरएफसी ७२०८ने ती मोडीत काढली.

कप्पा जुना, तशी त्याची मापंही जुनी. टीएक्सटीतल्या प्रत्येक तुकड्याची लांबी एका बाइटमध्ये लिहिली जाते, म्हणून एक तुकडा २५५ बाइटांपलीकडे जात नाही. डीकेआयएमची १,०२४ बिटांची आरएसए किल्ली लिहायला २१६ अक्षरं लागतात. एका तुकड्यात आरामात बसते. २,०४८ बिटांच्या किल्लीला ३९२ लागतात, म्हणून ती दोन तुकड्यांत मोडून, दोन अवतरणांत ठेवावी लागते. अनेक होस्टिंग कंपन्यांच्या फॉर्ममध्ये नेमकं इथेच अडतं, आणि बरेच जण छोट्या किल्लीवर राहिले त्याचं एक कारण मला हेच वाटतं. लहान किल्लीची किंमत २०१२मध्ये दिसली. झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने गूगलची ५१२ बिटांची किल्ली भाड्याच्या संगणकांवर सुमारे ७५ डॉलरांत फोडली आणि गूगलचा एक संस्थापक सर्गेई ब्रिन याच्या नावाने दुसरा संस्थापक लॅरी पेज याला मेल पाठवला. सही अर्थातच खरी ठरली.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही तपासण्या सक्तीच्या केल्या आहेत. गूगलकडे दिवसाला ५,००० मेलांपासून पुढचे ‘घाऊक’. त्यामुळे या कप्प्याला सध्या तरी सुट्टी नाही. पण क्वांटम संगणकांना तोंड देण्यासाठी २०२४मध्ये प्रमाणित झालेल्या एमएल-डीएसए-४४ या सहीपद्धतीची जाहीर किल्ली १,३१२ बाइटांची आहे. ती नेहमीच्या पद्धतीने टीएक्सटीत लिहायची, तर २५५चे सात तुकडे होतात, आणि १९८७च्या त्याच दस्तऐवजाने डीएनएसच्या यूडीपी उत्तराला घातलेली ५१२ बाइटांची मर्यादा तीन पटींहून जास्त ओलांडली जाते. ९९ क्रमांकाच्या नोंदीसारखी स्वतंत्र जागा मागणारे लोक पुन्हा उभे राहणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. या खेपेला ते जिंकतील यावर मात्र नाही.