तीन बिंदू आणि किरणोत्सव

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला ठाऊक आहेच. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून शिरतात आणि गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा परंपरेचा क्रम. सगळे हात जोडतात, मीही जोडतो. पण मी पडलो गणिताचा मास्तर, मला तिथे तीन बिंदू दिसतात.

आधी तारखा पाहा. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याच्या ४१ दिवस आधी १० नोव्हेंबर येतो आणि ४१ दिवसांनंतर १ फेब्रुवारी. दोन्ही वेळी कोल्हापुरात सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंशांवर मावळतो. म्हणजे उत्सव दोन असले तरी दिशा एकच.

आता देवीचे चरण, तिचे मुख आणि महाद्वाराचा मध्य हे तीन बिंदू घ्या. एका रेषेत नसलेले तीन बिंदू एकच प्रतल ठरवतात. तीन पायांचे तिवई कधी डुगडुगत नाही, त्याचे कारण हेच. बारावीची मुले हे प्रतल असे काढतात : चरणांपासून मुखापर्यंत एक सदिश, चरणांपासून महाद्वारापर्यंत दुसरा. दोघांचा सदिश गुणाकार केला की दोघांनाही लंब असलेला तिसरा मिळतो. मग कोणताही बिंदू घ्यावा, चरणांपासून तिथवरच्या सदिशाचा या लंबाशी अदिश गुणाकार करावा. उत्तर शून्य आले, तर तो बिंदू प्रतलात आहे.

ही भाषा तशी अलीकडची. १८४३ मध्ये डब्लिनच्या हॅमिल्टनला चतुर्घटक संख्या सुचल्या. त्यांतून पुढे अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी आजचे सदिश गणित बेतले. आमच्या पाथरवटांना ते कुठून माहीत असणार? त्यांच्याकडे ओळंबा होता, दोरी होती आणि सूर्य पाहण्याची चिकाटी होती. धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची १७१५ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. तेव्हा चरणांचा बिंदू हातभर बाजूला सरकला असता, तर प्रतलही फिरले असते.

आजची अडचण महाद्वाराबाहेर आहे. पश्चिमेला इमारती वाढल्या, आणि काही वर्षी किरणे वाटेतच अडली. ढग आणि धूळ यांवर इलाज नाही, पण वाढीव मजल्यावर आहे. इमारतीच्या कोपऱ्याचे मोजमाप घ्यावे आणि समीकरणात घालावे. दाराला रुंदी असल्याने उत्तर नेमके शून्यच हवे असे नाही. शून्याच्या जवळ आले तरी सावध व्हावे. मग उंची पाहावी. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी किरणे मूर्तीवर वर चढतात, त्यामुळे जादा मजल्याची झळ पहिल्यांदा मुखाला बसते. बांधकामाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी हे गणित अर्ध्या तासात होते. मजला चढल्यावर तेच काम कोर्टकचेरीत वर्षानुवर्षे रेंगाळते.