स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल

स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल किंवा एसटीपी हा इथरनेट जाळ्यातील स्विचांमध्ये लूप, म्हणजेच बंद वळसा, तयार होऊ न देणारा नियमसंच आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ राडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना १९८५ मध्ये त्याची रचना केली. १९९० मध्ये तो आयईईई ८०२.१डी या मानकाद्वारे प्रमाणित झाला.

गरज

एखादी केबल तुटली तरी काम थांबू नये, यासाठी स्विचांमध्ये जादा जोडणी ठेवली जाते. मात्र त्यामुळे बंद वळसा तयार होतो. सर्वांसाठी पाठवलेली ब्रॉडकास्ट फ्रेम स्विच ज्या पोर्टवर स्वीकारतो, तो वगळून इतर सर्व पोर्टांवर पुढे पाठवतो. आयपी पॅकेटला आयुर्मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला नसते. परिणामी वळशात अडकलेल्या फ्रेम फिरत व वाढत राहतात आणि काही क्षणांत जाळे ठप्प होते. या स्थितीस ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

कार्यपद्धती

स्विच परस्परांना दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचे संदेश पाठवतात. प्रत्येक स्विचची ओळख प्राधान्यक्रमांक व मॅक पत्ता मिळून बनते. सर्वांत लहान ओळख असलेला स्विच रूट ब्रिज ठरतो. इतर प्रत्येक स्विच रूटकडे जाणाऱ्या सर्वांत कमी खर्चाच्या मार्गावरील पोर्टची रूट पोर्ट म्हणून निवड करतो. मानकाच्या १९९८ मधील आवृत्तीनुसार १०० मेगाबिट जोडणीचा खर्च १९, तर १ गिगाबिट जोडणीचा ४ धरतात. प्रत्येक जोडणीवर एक डेझिग्नेटेड पोर्ट निश्चित होतो. उरलेले पोर्ट बंद ठेवले जातात. मात्र ते बीपीडीयू ऐकत राहतात.

उदाहरण

परभणीतील एखाद्या महाविद्यालयात कार्यालय, ग्रंथालय व प्रयोगशाळा येथील तीन स्विच १ गिगाबिट केबलींनी त्रिकोणात जोडले आहेत, असे मानू. कार्यालयातील स्विच रूट असल्यास इतर दोघांचा रूटपर्यंतचा खर्च ४ होतो. ग्रंथालय–प्रयोगशाळा जोडणीवर दोघांची बरोबरी होते. ग्रंथालयाच्या स्विचची ओळख लहान असल्यास प्रयोगशाळेचा पोर्ट बंद राहतो. पुढे कार्यालय–प्रयोगशाळा केबल तुटली, तर हा पोर्ट ऐकणे व शिकणे या प्रत्येकी १५ सेकंदांच्या अवस्थांतून जाऊन खुला होतो. प्रयोगशाळेचा संपर्क ग्रंथालयामार्गे पुन्हा सुरू होतो. खर्च ८ होतो.

मर्यादा

सर्व स्विचांचा प्राधान्यक्रमांक ३२७६८ या मूळ मूल्यावर ठेवल्यास रूटची निवड केवळ मॅक पत्त्यावरून होते. त्यामुळे कोपऱ्यातील एखादा जुना, संथ स्विचही रूट ठरू शकतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला मुद्दाम लहान क्रमांक दिला जातो. जाळ्याचा विस्तारही मर्यादित ठेवावा लागतो. मूळ मानकात कोणत्याही दोन टोकांदरम्यान जास्तीत जास्त सात स्विच असावेत, अशी शिफारस होती. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे विस्तारामुळे ही मर्यादा ओलांडून कोलमडले आणि काही दिवस तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले.

सुधारित आवृत्त्या

बिघाडानंतर जाळे पूर्ववत होण्यास मूळ प्रोटोकॉलला ३० ते ५० सेकंद लागतात. २००१ मधील रॅपिड स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलने हा काळ बहुधा काही सेकंदांवर आणला. मल्टिपल स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमध्ये व्हीलॅनच्या गटांसाठी स्वतंत्र वृक्ष ठेवता येतात. त्यामुळे एका गटासाठी बंद असलेली जोडणी दुसऱ्या गटाला वापरता येते.