डोळ्यांवरच्या पट्टीची कुळकथा

मे 2008मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यातून ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. कुंडली पाहायची आणि मूल हुशार आहे की मतिमंद (तेव्हा हाच शब्द रूढ होता), एवढंच सांगायचं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गोळा केल्या होत्या. एके काळी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे चमूत होते, आणि आकडेमोडीची बाजू पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे सांभाळत होते. कुंडल्यांवर नाव नाही, नुसता सांकेतिक क्रमांक. प्रत्येकाला 40 कुंडल्या. 28 बरोबर आल्या तर पास.

वर्तमानपत्रांना यात ग्रहताऱ्यांचं भांडण दिसलं. खरं तर ती मानसशास्त्रात मुरलेल्या एका जुन्या युक्तीची पुणेरी आवृत्ती होती. परीक्षा देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि घेणाऱ्याच्याही.

या युक्तीचं मूळ पॅरिसजवळच्या एका बागेत सापडतं. 1784 साली मेस्मर या वैद्याच्या पंथातले डॉक्टर ‘प्राणिज चुंबकशक्ती’ने रोग बरे करत होते. फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली; तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड डॉक्टरने ‘भारलं’ आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या पोराला झाडाझाडापाशी नेलं. पोरगं चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडलं. भारलेलं झाड भलतंच होतं. पोरगं ढोंगी नव्हतं. पट्टीने पकडली ती त्याची कल्पनाशक्ती.

शंभर वर्षांनी अमेरिकेत पर्स आणि जॅस्ट्रो हे संशोधक वजनांतला बारीक फरक माणसाला कितपत कळतो, हे मोजत होते. कोणतं वजन आधी ठेवायचं, हे त्यांनी पिसलेल्या लाल-काळ्या पत्त्यांवर सोडलं. माणसाच्या मनातला क्रम नकळत उघडा पडतो, पत्त्यांना मन नसतं.

पण या कुळातला खरा कर्ता पुरुष म्हणजे एक घोडा. बर्लिनमधल्या फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स खुराने ठोके देऊन बेरजा सोडवायचा. मालक प्रामाणिक होता, पैसेही घेत नसे. ऑस्कर फुंग्स्टने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि हान्स नापास झाला. बरोबर ठोक्याला विचारणाऱ्याची मान किंचित हलायची, घोडा ती वाचायचा. फुंग्स्टचं पुस्तक 1907चं. तेव्हापासून प्रयोगात संशय प्रयोग करणाऱ्यावरही घ्यायचा, हे पक्कं झालं.

आता ज्योतिषाच्या बैठकीची खोली आठवा. जातक समोर बसलेला, शेजारी आई, तिच्या चेहऱ्यावर काळजी. कुंडली उघडण्याआधीच निम्मं सांगून झालेलं असतं. पुण्याच्या चाचणीने ही आई खोलीतून बाहेर काढली. अमेरिकेत शॉन कार्लसनने पाश्चात्त्य ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली होती. ती 1985मध्ये ‘नेचर’मध्ये आली आणि तिथेही ज्योतिषांचं यश अंदाजपंचेच निघालं.

पुण्यात 51 जणांनी भाग घेतला, उत्तरं 27 जणांची आली. सरासरी 46 टक्के. सर्वांत जास्त 24 बरोबर, त्याखालोखाल दोघांचे 22. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या मागून घेतल्या. 102 बरोबर आल्या. थोडं गणित करून पाहिलं तर गंमत वाटते. 27 जणांनी नुसतं नाणं उडवलं असतं, तरी पहिला नंबर साधारण 26पर्यंत गेला असता. उलट बाजूही सांगायला हवी: इतक्या जणांत एखादा निव्वळ नशिबाने 28 गाठण्याची शक्यता पाचात एक असते. तसं झालं असतं तर आयोजकांची पंचाईत झाली असती. त्याला पुन्हा परीक्षेला बसवणं भागच पडलं असतं.

पट्टीलाही मर्यादा आहेत. घरच्यांनी सांगितलेली जन्मवेळ चुकलेली असेल, तर ती चूक पट्टी दुरुस्त करत नाही. ज्या 24 जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत ते सरासरीत कुठेच नाहीत, आणि माझ्या मते या चाचणीतली सर्वांत मोठी फट हीच. काही ठिकाणी तर पट्टी बांधताच येत नाही. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. समुपदेशकाला मात्र आपण समुपदेशन करतो आहोत हे कळू न देण्याची सोय नाही. म्हणून मानसोपचारांच्या अभ्यासात निदान गुण देणारा तरी अनभिज्ञ ठेवतात.

नारळीकरांच्या चमूने एकाच प्रश्नाचा निकाल लावला. विवाहयोग, नोकरी, परदेशगमन यांना हात लावलेला नाही. ज्यांना ते तपासायचे असतील त्यांनी किती बरोबर आले की जिंकलो, हे आधी लिहून ठेवावं, आणि उत्तरपत्रिका तिसऱ्याच माणसाच्या कपाटात ठेवावी.