उंदराचे घर आणि कर्करोगाचे कोडे

पांढरे उंदीर पाळायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो पिंजऱ्याचा. प्रश्न घरगुती वाटतो. पण कर्करोग संशोधनाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा डोकावतो.

प्रयोगशाळेतला उंदीर मूळचा हौशी लोकांचा. जपानमध्ये अठराव्या शतकात रंगीबेरंगी उंदीर पाळले जात. त्यांच्या पैदाशीवर १७८७ साली एक पुस्तिकाही निघाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विक्रीसाठी उंदीर वाढवले. लवकरच प्रयोगशाळाही त्यांच्याकडून उंदीर घेऊ लागल्या. काहींच्या अंगावर गाठी दिसताच त्यांनी शास्त्रज्ञांना कळवले. कोणता उंदीर कोणाचा, हे त्यांनी वह्यांत नोंदवले होते. त्यामुळेच काही कुळांत कर्करोग अधिक होतो, हे उघड झाले.

मग तो रक्तातूनच येतो का? १९३६ साली जॉन बिटनर यांनी कर्करोगप्रवण वाणाची नवजात पिल्ले दुसऱ्या वाणाच्या माद्यांना पाजायला दिली. अशा दूधआईजवळ वाढलेल्या पिल्लांत स्तनांचा कर्करोग कमी आढळला. दोष केवळ वंशाचा नव्हता. आईच्या दुधातून एक घटक जात होता. तो विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. पिल्लू कोणाचे, याइतकेच ते कोणाच्या पिंजऱ्यात वाढले, हेही महत्त्वाचे ठरले.

याच कोड्यावर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम केले ते पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर अभ्यास करून त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनांच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही पिंजऱ्याला साधन समजतो. तो प्रयोगाचा भागच असतो. उंदीर सुमारे ३० अंश सेल्सिअस ऊब पसंत करतो; प्रयोगशाळा मात्र माणसाच्या सोयीने २२ अंशांच्या आसपास ठेवतात. २०१३ साली अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी दाखवले की उबेत ठेवलेल्या उंदरांत गाठी अधिक सावकाश वाढतात. थंडीत अंग गरम ठेवण्यातच उंदराची शक्ती खर्च होते आणि गाठीशी झुंजण्याची त्याची ताकद घटते.

शाळेत उंदीर पाळणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? पिंजरा हवेशीर हवा, पण पेन्सिल जाईल एवढी फटही नको. लाकडात मूत्र मुरते आणि उंदीर ते कुरतडतात. बंद काचपेटीत अमोनिया साचतो. घरटे करायला कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. दोन-तीन माद्या एकत्र नांदतात. अनोळखी नर भांडतात. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळे करावेत. बारामतीजवळच्या पिंपळीसारख्या गावात उन्हाळा कडक. तिथे पिंजरा सावलीत, पत्र्यापासून दूर ठेवावा, कारण चाळिशीचा पारा उंदराला घातक ठरतो. उसाच्या बांधावरचे रानउंदीर मात्र पकडून आणू नयेत. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

विद्यार्थ्यांनी उंदराच्या वजनाशेजारी पिंजऱ्याचे तापमान, घरट्याची स्थिती आणि सोबतीही रोज वहीत लिहावेत. लॅथ्रॉप यांच्या वह्यांनी शास्त्राला दिलेला धडा हाच आहे.