‘त्रिंकोमाली’ : एका सागवानी नौकेची डागडुजी



जाम नदीच्या काठी राहणाऱ्या श्रोत्यांपुढे समुद्रावरील नौकेविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते इतिहास शिकवताना दूरची घटना आपल्या अंगणात आणून ठेवीत. त्यांचाच धडा आज गिरवतो.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका पाण्यात उतरली. त्यानंतर दीड महिन्याने, २६ व २७ नोव्हेंबरला, सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि नागपूरकरांच्या अमलाखालील आपल्या या मुलखाचेही भवितव्य पालटले. १८५४ मध्ये ते राज्यच खालसा झाले. ज्या सत्तेने आपले राज्य घेतले, तिच्या नौका आपल्याच देशातील सुतार-लोहार घडवीत होते, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

या नौकेचे मुख्य कारागीर होते जमशेटजी बमनजी वाडिया. इंग्लंडहून निघालेले तिचे नकाशे ‘जावा’ या जहाजाबरोबर १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत बुडाले. ते पुन्हा मागवावे लागले. बांधणीच्या आरंभी पारशी रिवाजानुसार कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. लाकूड मलबारचे होते, आपल्या सातपुड्याचे नव्हे. पण जात तीच, सागवान. इंग्लंडमध्ये त्या काळी जहाजाजोगे ओक दुर्मिळ झाले होते. शिवाय ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते, तर सागातील तेल त्यांना जपते. दोनशे वर्षांच्या आयुष्याचे एक कारण हे तेल आहे.

दुसरे कारण माणसांचे आहे. युद्धसेवा संपल्यावर ही नौका नाविकांच्या कवायतीसाठी वापरली गेली. १८९७ मध्ये ती विकली गेली, ‘फुद्रोयां’ हे नवे नाव तिला मिळाले, आणि १९८६ पर्यंत ती मुख्यतः मुलांना नौकानयन शिकवणारी तरंगती शाळा होऊन राहिली. परंतु नुसत्या वापराने वस्तू टिकते असे समजू नये. पोर्ट्‌स्मथच्या बंदरात तिच्या शेजारीच ‘इम्प्लॅकेबल’ नावाची तिच्याहूनही जुनी नौका उभी असे. तीही मुलांच्या शिक्षणासाठीच वापरली जाई. दुरुस्तीचा खर्च झेपेना, म्हणून डिसेंबर १९४९ मध्ये ती भर समुद्रात नेऊन सुरुंगाने बुडविण्यात आली.

‘त्रिंकोमाली’च्या वाट्याला निराळा निर्णय आला. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला नेले, १९९० मध्ये काम सुरू झाले, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. काही वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो असता मी ती मुद्दाम पाहून आलो. तुळईवर हात ठेवला, तेव्हा परदेशात घरचे कुणी भेटावे तसे वाटले.

अशा नौकेची डागडुजी कशी होते? लाकडी नौका खाऱ्या पाण्याने सहसा कुजत नाही. ती कुजते वरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने. म्हणून तपासणी आधी छताची होते. कारागीर फळीन्‌फळी ठोकून पाहतो. निरोगी लाकूड खणखणते, कुजके बद्द वाजते. कुजके तेवढेच काढायचे, निरोगी भागाचे टोक लांब तिरपे कापायचे, आणि त्याच मापाचा नवा तुकडा त्याला सांधायचा. शेवटी फळ्यांमधल्या फटी दोराने ठासून डांबराने बुजवायच्या. या शिस्तीमुळे त्या नौकेचे निम्म्याहून अधिक मूळ लाकूड आजही जागेवर आहे.

इतक्या फळ्या बदलल्यावर नौका तीच राहते काय, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न आहे. आमच्या घरच्या बंडीने त्याचे उत्तर मला लहानपणीच दिले होते. तिचे आरे बदलले, धाव बदलली, जू बदलले. तरी वडील तिला आजोबांचीच बंडी म्हणत. कारण ती एका दिवसात कधी बदलली नाही, आणि प्रत्येक नवा तुकडा जुन्याच्या मापाने बसला.

मित्रहो, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपले सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या घरांतील मराठीत हिंदीच्या फळ्या बसल्या आहेत, याचे मला भय नाही. जुन्याशी सांधलेली नवी फळी नौकेला बळच देते. भय आहे ते वरून झिरपणाऱ्या पाण्याचे. बोलतो मराठी, पण वाचत नाही, लिहीत नाही, ही ती गळती होय.

या शाळेच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची दोन कपाटे गेल्या पावसाळ्यात भिजली. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच : यंदा प्रत्येक पुस्तक हाती घेऊन पाहा, टिकणारे बांधून घ्या, फाटलेले सांधा, आणि त्याआधी छत दुरुस्त करा. ‘इम्प्लॅकेबल’ बुडविणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना उशीर झाला होता. आपल्याला अजून झालेला नाही.