शाकारणी आणि परवानगी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे, हा ठाणे-कल्याणकडील गृहस्थांचा जुना परिपाठ होय. शाकारणे म्हणजे मुळात गवत-पेंढ्याने छप्पर नव्याने आच्छादणे. पुढे कौले आली तरी शब्द तोच राहिला. चार महिन्यांत सुमारे शंभर इंच पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात छपराची चिंता दरवर्षी नव्याने करावी लागे.

गवती छप्पर गरिबाला परवडे. पेंढा शेतातला, बांबू रानातला आणि मेहनत घरची. ते थंड असे आणि गारांचा मारही सहज सोशी. त्याचा शत्रू एकच, तो म्हणजे अग्नी. वैशाखाच्या वाऱ्यात एका चुलीची ठिणगी उडाली, तर सारी आळी भस्म होण्यास वेळ लागत नसे. म्हणजे छप्पर एकाचे असले तरी त्याचा धोका सर्वांचा होता. छपरावरील सरकारी निर्बंधांचे मूळ येथेच आहे.

हा विचार केवळ आपल्याकडचाच नव्हे. लंडन शहराने १२१२ सालच्या भीषण आगीनंतर गवती छपरांस बंदी केली. मुंबईच्या कोटातही १८०३ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागून वस्तीचा बराच भाग जळाला. कल्याणास १८५५ मध्ये व ठाण्यास १८६३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. मुंबई शहरासाठी १८८८ मध्ये आणि जिल्ह्यांतील नगरपालिकांसाठी १९०१ मध्ये कायदे झाले. गवत, पाने, चटया अशा ज्वालाग्राही पदार्थांचे छप्पर लेखी परवानगीवाचून घालू नये, असा नियम त्यांत आला.

परंतु गवत नको, तर घालावे काय? कुंभाराची नळीची कौले होतीच. पण ती वाऱ्याने सरकत, माकडांच्या उड्यांनी फुटत आणि दरसाल परतावी लागत. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तेथील चपटी कौले खाचेत खाच बसवून घट्ट राहत, म्हणून ती कोकणभर लोकप्रिय झाली. मंगळुराहून माल किनाऱ्याकिनाऱ्याने जलमार्गे येऊ शके आणि आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचलेली होती. नियम आणि तो पाळण्याचे साधन अशी दोन्ही एकाच अर्धशतकात मिळाली. तथापि ज्याच्यापाशी कौलांचे पैसे नव्हते, त्या मजुरास मात्र पूर्वी कोणास न विचारता घातलेल्या गवतासाठी आता अर्ज करणे भाग पडले.

कौल अग्नीला दाद देत नाही, पण गारेपुढे ते दुबळे ठरते. भाजलेली माती कठीण खरी, परंतु ठिसूळ असते. मुरादाबादेजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी गारांनी २४६ माणसे मेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा व विदर्भ यांनीही गारपिटीचा तडाखा सोसला. इंग्लंडात १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचा शोध लागला. गारांनी त्या पत्र्यास पोचे पडतात, पण तो सहसा फुटत नाही. मात्र नीट जखडला नाही तर वादळात उडून दुसऱ्याच्या अंगावर पडतो. ॲस्बेस्टॉसचा पत्रा गारेने तडकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. कोकणात गारा क्वचित पडतात. म्हणून ठाण्या-कल्याणच्या गृहस्थाने पत्र्याच्या जाडीइतकेच त्याच्या खिळ्या-बोल्टांकडे लक्ष द्यावे, हे श्रेयस्कर.

ठाण्यास १९८२ मध्ये व कल्याणास १९८३ मध्ये महानगरपालिका झाली. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे बांधकामास परवानगी लागते. इमारतीच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक न करणाऱ्या दुरुस्तीस त्यातून सूट आहे. म्हणजे फुटके कौल बदलणे निराळे आणि गच्चीवर पत्र्याचा नवा मजला उभारणे निराळे. परवानगीचा अर्ज अनेकांस निव्वळ कटकट वाटतो. पण तो नियम घडला, तो शेजारच्या छपराची ठिणगी आपल्या पेंढ्यावर पडू नये म्हणून. आज पेंढा गेला, तरी वादळात सुटलेला पत्रा शेजाऱ्याच्याच अंगणात पडतो.