‘क्रमशः’ : कंसातील एका शब्दाची कुळकथा

मासिकातील कादंबरी ऐन रंगात आलेली असते, नायिका दाराची कडी काढण्यासाठी हात पुढे करते आणि नेमक्या त्याच जागी कंसात एक शब्द येतो, ‘क्रमशः’. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी या शब्दावर मनातल्या मनात राग काढला आहे आणि त्याच शब्दाच्या भरवशावर पुढच्या अंकाची वाटही पाहिली आहे. ‘गोष्ट संपलेली नाही, उरलेला भाग पुढील अंकी’ एवढा सगळा आशय हा शब्द एकट्याने वाहतो. गंमत अशी, की त्याच्या मूळ अर्थात ‘अपूर्ण’ ही छटा कोठेही नाही.

मूळ पावलात

‘क्रमशः’ हा तत्सम शब्द आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आलेला. त्याच्या मुळाशी ‘क्रम्’ हा धातू आहे. पाऊल टाकणे, चालणे हा त्याचा अर्थ. आक्रमण, अतिक्रमण, पराक्रम, परिक्रमा, संक्रांत ही सारी याच धातूची प्रजा. ‘क्रम’ म्हणजे आधी पाऊल, मग एकामागून एक पडणारी पावले आणि त्यावरून ओळ, अनुक्रम, व्यवस्था.

शब्दाच्या शेवटी असलेला ‘शः’ हा संस्कृत व्याकरणातील ‘शस्’ हा प्रत्यय. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याचे नियम दिले आहेत. ‘एकेक करून’, ‘त्या त्या प्रमाणात’ असा अर्थ त्याने साधतो. अक्षरशः म्हणजे अक्षरागणिक, खंडशः म्हणजे खंडाखंडाने, शतशः म्हणजे शेकड्यांनी. त्याच चालीवर क्रमशः म्हणजे क्रमाक्रमाने, पायरीपायरीने. व्याकरणाच्या भाषेत हे क्रियाविशेषण अव्यय आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही.

‘क्रम’ या शब्दाचा कथनाशी नसला तरी पठणाशी जुना संबंध आहे. वेदपठणाच्या पद्धतींपैकी एकीला ‘क्रमपाठ’ असे नाव आहे. त्यात पहिले आणि दुसरे पद एकत्र म्हणतात, मग दुसरे आणि तिसरे, मग तिसरे आणि चौथे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे शेवटचे पद पुन्हा उचलून पुढे जाते. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीच्या आरंभी ‘मागील भागात आपण वाचले’ असा सारांश देण्याच्या प्रथेशी या रीतीचे साम्य मनोरंजक आहे. दोन्हींचा हेतू एकच, दुवा निसटू न देणे.

क्रियापद गळाले, अर्थ उरला

एका क्रियाविशेषणाला ‘अपूर्ण’ असा अर्थ आला तो वाक्याचा उरलेला भाग गळून गेल्यामुळे. ‘ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होईल’ अशा पूर्ण वाक्यातील क्रियापद नाहीसे झाले आणि एकटा शब्द कंसात उरला. वाचक मात्र गळालेले वाक्य मनात पुरे करून घेतो. जुन्या नियतकालिकांत ‘पुढे चालू’ किंवा ‘अपूर्ण’ असेही छापलेले आढळते. त्यापैकी ‘अपूर्ण’ हा शब्द केवळ उणीव सांगतो; ‘क्रमशः’ त्यापुढे जाऊन आश्वासन देतो.

हिंदीतही कथेच्या भागाअखेरीस ‘क्रमशः’ लिहितात. मात्र तेथे या शब्दाचा आणखी एक उपयोग सर्रास होतो. दोन नावे आणि त्यांचे दोन क्रमांक सांगायचे असतील, तर हिंदी वार्ताहर ‘क्रमशः’ लिहितो. मराठीत त्या जागी ‘अनुक्रमे’ येतो. परिणामी मराठी वाचकाच्या मनात ‘क्रमशः’ची गाठ कथेशी अधिक घट्ट बसली आहे.

पॅरिस, लंडन, पुणे

शब्द संस्कृत असला, तरी कथा तोडून छापण्याची रीत संस्कृतातून आलेली नाही. ती छापखान्याबरोबर आली. भागाभागांनी कथा ऐकण्याची सवय आपल्याकडे जुनीच होती. चातुर्मासात देवळात पोथी लागे, रोज काही अध्याय वाचले जात आणि श्रोते दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. परंतु त्या कथेचा शेवट श्रोत्यांना आधीच ठाऊक असे. राम परत येणार, कंस मरणार, यात शंका नव्हती. शेवट माहीत नसलेली गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वाचणे हा अनुभव छापील नियतकालिकांनी दिला.

युरोपात याचे बस्तान एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसले. पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँ यांनी १८३६ मध्ये ‘ला प्रेस’ हे स्वस्त वर्गणीचे दैनिक काढले आणि त्याच वर्षी बाल्झाकची एक कादंबरी त्यात क्रमशः आली. इंग्लंडमध्ये याच १८३६ साली डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे मासिक भाग निघू लागले. पुढे १८४२-४३ मध्ये पॅरिसच्याच एका दैनिकातून आलेल्या यूजीन स्यूच्या ‘पॅरिसची रहस्ये’ या कादंबरीने वाचकांना वेड लावले. तिच्या प्रेरणेने लंडनमध्ये जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांनी १८४४ पासून लंडनच्या रहस्यांची साप्ताहिक मालिका सुरू केली.

रेनॉल्ड्स हे नाव मराठीलाही परके नाही. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. ती १८८५ पासून ‘पुणे वैभव’ या पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा आपटे अवघ्या एकविशीत होते. त्यापूर्वीही मराठीत हा प्रयोग झाला होता. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी भागाभागांनी वाचकांपुढे आली होती.

आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः छापली. यमू या मुलीने स्वतःच सांगितलेली ही कहाणी तिच्या बालपणापासून वैधव्यापर्यंत आणि सक्तीच्या केशवपनापर्यंत जाते. पुस्तक हाती असेल, तर अवघड पाने उलटून शेवट गाठता येतो. साप्ताहिकाच्या वाचकाला ती सोय नव्हती. यमूचे दुःख त्याच्या घरात आठवड्यामागून आठवडे मुक्कामाला होते. सामाजिक कादंबरीला लागणारा हा सहवास ‘क्रमशः’ या पद्धतीने मिळवून दिला, असे म्हणावे लागेल.

शेजारचे शब्द

अशा भागांसाठी भारतीय भाषांत इतरही शब्द रुळले आहेत. बंगालीत व हिंदीत ‘धारावाहिक’ म्हणतात. बंकिमचंद्र चटर्जी यांची ‘विषवृक्ष’ १८७२ पासून त्यांच्याच ‘बंगदर्शन’ मासिकात अशी धारावाहिक आली. हा शब्द मूळचा दर्शनशास्त्रातला. एकाच वस्तूकडे पाहत राहिल्यावर ‘हा घट, हा घट’ असे जे अखंड ज्ञान होत राहते, त्याला ‘धारावाहिक ज्ञान’ म्हणतात. दुसऱ्या क्षणी होणाऱ्या ज्ञानात नवे काही असते काय, यावर शास्त्रकारांनी वाद घातले आहेत. रटाळ मालिकांच्या प्रेक्षकांनाही हाच प्रश्न पडत असावा.

मराठीतील ‘हप्ता’ फारसीतून आला. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात. त्यावरून ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. ‘हफ्त’ आणि संस्कृत ‘सप्त’ ही सख्खी भावंडे आहेत. म्हणजे देवळातला भागवत सप्ताह, कादंबरीचा हप्ता, कर्जाचा हप्ता आणि गुंडाने वसूल केलेला हप्ता, सर्वांच्या मुळाशी तेच सात दिवस.

दूरचित्रवाणीबरोबर घराघरांत पोहोचलेला ‘एपिसोड’ हा शब्द ग्रीक नाटकातला. समूहगानांच्या मधे येणाऱ्या नाट्यप्रवेशाला तेथे हे नाव होते आणि त्यात ‘आत येण्याची वाट’ हा अर्थ दडलेला आहे. ‘क्रमशः’मध्ये पाऊल आणि ‘एपिसोड’मध्ये वाट, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विसर्ग की अपूर्णविराम?

लेखनाबाबत एक सूचना आवश्यक आहे. या शब्दाच्या शेवटी विसर्ग आहे. संगणकावर टंकलेखन करताना अनेकदा विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह दिले जाते. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी संगणकाच्या लेखी विसर्ग हे देवनागरीचे अक्षरचिन्ह आहे आणि अपूर्णविराम हे विरामचिन्ह. त्यामुळे शोध घेताना एकच शब्द दोन वेगळे शब्द ठरू शकतो. विसर्ग अजिबात गाळून ‘क्रमश’ लिहिणे तर चुकीचेच.

शब्द दिला आहे

‘क्रमशः’ लिहिणारा लेखक एक धोका पत्करत असतो, कारण पुढचा भाग अनेकदा त्याने स्वतःही लिहिलेला नसतो. डिकन्सची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी बारा भागांत येणार होती. तिचे तीन भाग निघाले असताना ९ जून १८७० रोजी लेखकाचे निधन झाले. लिहून झालेले आणखी तीन भाग नंतर छापले गेले. उरलेली अर्धी कादंबरी कायमची अंधारात राहिली. आर्थिक अडचणीने बंद पडणाऱ्या प्रत्येक नियतकालिकाबरोबर अशाच काही गोष्टी अर्ध्या वाटेवर थांबतात.

म्हणूनच या शब्दाला त्याच्या जोडीदारासह पाहिले पाहिजे. अखेरच्या भागाखाली ‘क्रमशः’ नसतो, तेथे ‘समाप्त’ येतो. कंसात दिलेला शब्द पाळला गेला, याची वाचकाला मिळणारी पावती तीच.